आवाज कुठवर आला?

"विंडोज मारा लागन, भाऊ." आवाज बंद पडलेला कॉम्प्युटर दुकानात नेला की पहिलं वाक्य बहुधा हेच ऐकू येतं, मग दुकान चंद्रपूरचं असो, ब्रह्मपुरीचं असो की आलापल्लीचं. दुकानदारालाही फार दोष देता येत नाही. समोर चार कॉम्प्युटर रांगेत असतात आणि सगळं पुसून नव्याने विंडोज टाकणं हा त्याच्या हातचा उपाय असतो. पण त्या भानगडीत पोराच्या पोलीस भरतीच्या नोट्स जातात, लग्नाचे फोटो जातात, आणि घरी येऊन सगळ्या वायरी पुन्हा जोडल्या तरी आवाज नाही तो नाहीच. कारण बिघाड विंडोजमध्ये नव्हताच. तो स्पीकरच्या मागच्या बटणात होता.

जंगलपट्ट्यातल्या माणसाला असा फेरा परवडत नाही. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा उत्तर-दक्षिण लांबच लांब पसरलेला आहे. भामरागडहून जिल्ह्याचं गाव सुमारे 180 किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर चढला की तेवढाही रस्ता उरत नाही. अशा ठिकाणाहून सीपीयूचा डबा मांडीवर घेऊन एसटीने निघायचं, म्हणजे आवाजाच्या दुरुस्तीत हार्ड डिस्कला धक्के खायला लावायचे. त्यापेक्षा घरीच अर्धा तास शांतपणे बसलेलं बरं. लागतं काय तर एक चालू मोबाइल, एक हेडफोन आणि थोडा धीर.

आवाज का बंद झाला, हा प्रश्न आधी विचारूच नये. त्याची शंभर उत्तरं असतात आणि माणूस त्यातलं सगळ्यात भीतिदायक उत्तर आधी उचलतो. विचारायचं ते एवढंच, की आवाज कुठवर आला?

तो येतो कुठून कुठे, हे एकदा बघून घेऊ. समजा यूट्यूबवर गाणं लावलं. त्यात प्रत्यक्षात आवाज नसतो, आकडे असतात. प्रत्येक बाजूसाठी सेकंदाला 44,100 किंवा 48,000 आकडे, आणि दर आकडा म्हणजे त्या क्षणी स्पीकरचा पडदा किती पुढे-मागे असायला हवा याचं माप. ब्राउझर हे आकडे विंडोजच्या हवाली करतो. विंडोजमध्ये त्यांची मिसळ होते, म्हणजे गाण्याचे आकडे, मेल आल्याची टिंग, झूमवरच्या सरांचं बोलणं, सगळं एकत्र. 2007 साली विंडोज व्हिस्टा आलं तेव्हापासून दर प्रोग्रामला स्वतःचा वेगळा आवाज कमी-जास्त करता येतो. ही सोय पुढे बऱ्याच गोंधळाचं कारण ठरते. मिसळ झाली की विंडोज ठरवतं, हे कोणत्या दारातून बाहेर सोडायचं. दाराशी ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम बसलेला असतो. तो आकडे मदरबोर्डवरच्या आवाजाच्या चिपकडे देतो. आपल्याकडच्या बहुतेक मशीनवर ही चिप तैवानच्या रियलटेक कंपनीची असते. चिप आकड्यांची विजेची लहर बनवते, पण ती इतकी दुबळी, की तिच्याने मोठा स्पीकर हलत नाही. डब्याच्या मागच्या हिरव्या भोकातून ती वायरीत जाते, स्पीकरच्या पेटीतला ॲम्प्लिफायर तिला ताकद देतो, आणि मग कुठे कागदी पडदा थरथरतो.

इतक्या ठिकाणांपैकी एक जरी तुटलं तरी परिणाम एकच, शांतता. म्हणून शांतता ऐकून काहीच कळत नाही. दिवाळीनंतर धानकापणी आटोपली की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव रात्रभर झाडीपट्टीची नाटकं करतात. तिथे ऐन प्रवेशात माइक बंद पडला तर साउंडवाला काय करतो ते पाहावं. तो ॲम्प्लिफायर उघडून बसत नाही. शेजारच्या चालू माइकची वायर काढून बंद माइकला लावतो. आवाज आला तर वायर खराब, नाही आला तर माइक. दहा सेकंदांत निम्मा रस्ता तपासून होतो. घरच्या कॉम्प्युटरवरही हेच करायचं: रस्ता मधोमध तोडून बघायचा आणि चांगला निघालेला अर्धा भाग डोक्यातून काढून टाकायचा.

सुरुवात स्पीकरच्या टोकाकडून करावी, कारण आपल्या भागात निम्मी प्रकरणं तिथेच मिटतात. कॉम्प्युटरची पिन बहुधा यूपीएसमध्ये असते, स्पीकरची मात्र भिंतीवरच्या बोर्डात. वादळात झाड तारांवर पडून वीज गेली की कॉम्प्युटर चालू राहतो, स्पीकर मुका होतो, आणि चित्र दिसतंय म्हणून घरातल्या कुणाला वीज गेल्याचं लक्षातही येत नाही. दुसरी गंमत त्याहून फसवी आहे. बाजारात मिळणारं होम थिएटर ब्लूटूथ, एफएम, पेनड्राइव्ह आणि ऑक्स अशा चार-पाच प्रकारांनी वाजतं. वीज जाऊन आली की यातले बरेच संच आधी कशावर होते ते विसरतात आणि थेट ब्लूटूथवर किंवा एफएमवर उभे राहतात. कॉम्प्युटर बिचारा ऑक्सच्या वायरीतून गाणं पाठवत राहतो आणि पेटी मोबाइलची वाट बघत बसते. रिमोट सापडत नसेल तर पेटीवरचं मोड किंवा इनपुटचं बटण एकेकदा दाबत जावं.

यूएसबीवर चालणाऱ्या लहान स्पीकरचाही एक खुलासा करायला हवा. त्यांना दोन वायरी असतात. यूएसबीची वायर बहुतेक मॉडेलांत फक्त वीज घेते, आवाज येतो तो दुसऱ्या बारीक पिनेतून. यूएसबी लावली, लाल दिवा लागला, म्हणजे सगळं जोडून झालं असं समजून पिन तशीच लोंबकळत ठेवणारी घरं कमी नाहीत.

आता पहिली खरी चाचणी. स्पीकर चालू ठेवा, आवाजाचं बटण मध्यावर आणा, कॉम्प्युटरमधली पिन उपसा आणि पिनेच्या टोकाला बोट लावा. घुर्र असा आवाज आला तर पेटी, ॲम्प्लिफायर आणि वायर तिन्ही जिवंत आहेत. ही घुरघुर म्हणजे घरातल्या 50 हर्ट्झच्या विजेचा आपल्या अंगाने उचललेला अंश. आवाजाच्या पिनेत झटका बसण्याइतकी वीज नसते, घाबरायचं कारण नाही. बोट लावायचं नसेल तर तीच पिन मोबाइलमध्ये किंवा टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात घालून गाणं लावा. वाजलं तर स्पीकर विसरून जा. नाही वाजलं तर कॉम्प्युटरला हात लावायची गरजच नाही.

आवाजाचा गोल खटका फिरवताना खरखर येते का, तेही ऐकावं. घुग्घुस, दुर्गापूर, माजरी, बल्लारपूर या पट्ट्यात कोळशाची बारीक काळी धूळ दारं-खिडक्या लावल्या तरी घरात येते आणि स्पीकरच्या खटक्यात शिरून बसते. आतली पट्टी आणि तिच्यावरून सरकणारं टोक यांच्यात ती आली की एक बाजू मधूनच बंद पडते. वीज काढून खटका वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला तर बऱ्याचदा घासून साफ होतो.

स्पीकर ठीक निघाला तर पुढची चाचणी पडद्यावर आहे, आणि माझ्या मते सगळ्या खटाटोपात हीच सर्वांत मोलाची. आधी कीबोर्डवरचं आवाज बंद करण्याचं बटण चुकून दाबलं गेलं नाही ना, ते बघा. काही लॅपटॉपवर त्याचा बारीक दिवाही असतो. मग कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर उजवी क्लिक करून साउंड सेटिंग्ज उघडा आणि खाली सरकत 'मोअर साउंड सेटिंग्ज' वर जा. जुन्या विंडोज 10 मध्ये तिथे 'साउंड कंट्रोल पॅनल' असं लिहिलेलं असतं. 'प्लेबॅक' नावाची यादी दिसेल. ती उघडी ठेवून मागे एखादं गाणं सुरू करा. सिरोंच्यात तेलुगू लावा, मुलचेऱ्यात बंगाली, धानोऱ्याकडे गोंडी. कॉम्प्युटरला फरक पडत नाही. आता यादीतल्या नावांच्या उजवीकडे उभ्या पट्ट्या आहेत, त्यांकडे बघा.

पट्ट्या हिरव्या होऊन नाचत असतील तर गाणं ब्राउझरमधून निघून, मिसळ होऊन, दारापर्यंत पोचलं आहे. बिघाड पुढे आहे: ड्रायव्हर, चिप, भोक किंवा वायर. पट्ट्या निपचित असतील तर बिघाड मागे, प्रोग्राममध्ये. आणि पट्ट्या नाचताहेत पण भलत्याच नावापुढे, तर सापडलंच. आवाज बंद नाही, तो दुसऱ्याच दाराने बाहेर चालला आहे.

ही तिसरी गोष्ट इतकी होते, की तिच्याविषयी जरा सविस्तर सांगायला हवं. जुन्या मॉनिटरची निळी व्हीजीए वायर फक्त चित्र वाहायची. नव्या मॉनिटरची एचडीएमआय वायर चित्र आणि आवाज दोन्ही वाहते. घरी नवा मॉनिटर आला, एचडीएमआय जोडली, की विंडोजला वाटतं, आवाजाचं नवं दार मिळालं. ते विचारत नाही. बऱ्याचदा सरळ तिकडे वळतं. मॉनिटरला स्वतःचे स्पीकर नसले तरी त्याला त्याचं सोयरसुतक नसतं. यादीत मग मॉनिटरचं मॉडेल, नाहीतर 'इंटेल डिस्प्ले ऑडिओ' किंवा 'एनव्हिडिया हाय डेफिनिशन ऑडिओ' असं नाव दिसतं आणि त्याच्यापुढे हिरवी खूण असते. 'स्पीकर्स' आणि पुढे रियलटेक लिहिलेल्या नावावर क्लिक करून 'सेट डिफॉल्ट' दाबलं, की काम झालं. रोज पुन्हा तेच होत असेल तर मॉनिटरच्या नावावर उजवी क्लिक करून ते 'डिसेबल' करून टाकावं. चित्राला काही होत नाही. काही मॉनिटरना मागे हेडफोनचं भोक असतं. स्पीकरची पिन तिथे घातली तरी चालतं, आणि डब्याच्या मागे वाकायचा त्रासही वाचतो.

लॅपटॉप टीव्हीला जोडून सिनेमा बघितला आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप मुका झाला, हे याच प्रकरणाचं दुसरं रूप. ब्लूटूथचंही तसंच. आतल्या खोलीत कुणाच्या तरी उशाशी पडलेला इअरफोन चालू राहिला तर बाहेरच्या कॉम्प्युटरचा आवाज गुपचूप तिकडे जातो. शिवाय विंडोज 10 मध्ये एकच ब्लूटूथ हेडफोन दोन नावांनी दिसतो, एक 'स्टिरिओ' आणि एक 'हँड्स-फ्री'. गाणी ऐकायला स्टिरिओ निवडावं. दुसरं नाव फोनवरच्या बोलण्यासाठी आहे; त्यात आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, किंवा येतच नाही.

पट्ट्या निपचित असतील तर दुरुस्ती सोपी असते. दुसरा प्रोग्राम लावून बघा. डिस्कवर साठवलेलं गाणं वाजतं पण यूट्यूब नाही, तर ब्राउझरमध्ये त्या टॅबचा आवाज बंद झालेला असेल. टॅबवर उजवी क्लिक केली की कळतं. 'व्हॉल्यूम मिक्सर' उघडला तर दर प्रोग्रामची पट्टी वेगळी दिसते, आणि एखादीच पार तळाला गेलेली सापडते. मिक्सरमध्ये एकेका प्रोग्रामला वेगळं दारही देता येतं, आणि कधीकाळी झूमसाठी निवडलेला हेडफोन पुढे कायम तसाच राहतो. आणखी एक न दिसणारी खोडी आहे. जुन्या साउंड पॅनलच्या 'कम्युनिकेशन्स' भागात विंडोजने आधीच ठरवून ठेवलेलं असतं, की फोनसारखं बोलणं सुरू झालं की बाकी सगळ्यांचा आवाज 80 टक्क्यांनी खाली आणायचा. क्लास सुरू असताना व्हिडिओचा आवाज अचानक बसतो तो यामुळे. तिथे 'डू नथिंग' निवडलं की खोडी संपते.

पट्ट्या योग्य नावापुढे नाचताहेत, स्पीकरही बोटाला घुरघुरतो, तरी गाणं नाही. आता उरली ती मधली जागा, आणि त्यातलं सर्वांत बदमाश ठिकाण म्हणजे पिनेचं भोक.

आधी भोक योग्य आहे का बघा. मागे हिरवं भोक स्पीकरचं, गुलाबी माइकचं, निळं बाहेरून आवाज आत घेण्याचं. हे रंग 1990 च्या दशकाच्या शेवटी पीसी 99 नावाच्या नियमावलीने ठरवले आणि ते अजून चालू आहेत. अंधारात हात घालून लावलेली पिन निळ्यात जाण्याची शक्यता चांगलीच असते. डब्याच्या तोंडाशी असलेल्या भोकांवर तर विश्वासच ठेवू नये. गावात जुळवलेल्या मशीनमध्ये पुढच्या भोकांची वायर आत मदरबोर्डला जोडायची बऱ्याचदा राहूनच जाते. तपासायला नेहमी मागचं हिरवं.

मग ओल आणि धूळ. जून ते सप्टेंबर या पट्ट्यात हवा इतकी ओलसर असते, की पितळी पट्ट्यांवर हिरवट-काळा थर चढतो. दुकानात त्याला 'कार्बन आला' म्हणतात. पिन आठ-दहा वेळा आत-बाहेर केली, फिरवली, तर थर थोडा खरवडला जातो आणि आवाज खर्रर्र करत परत येतो. नीट साफ करायचं तर वीज पूर्ण काढून, कान कोरायच्या कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन हलकेच फिरवावी, आणि पुरतं वाळल्यावरच वीज द्यावी. खोबरेल तेल लावू नये. त्यावर धूळ आणखी चिकटते. सेफ्टी पिनने टोकरणं तर सक्त बंद.

वापरात नसलेल्या भोकात मात्र आधी बॅटरी मारून बघा. कुंभारीण माशीला बारीक भोकं फार आवडतात. कुलूप, नळीचं तोंड, भिंतीतला सॉकेट, जिथे जागा मिळेल तिथे ती माती लिंपून घर करते, आणि सुट्टीभर बंद राहिलेल्या कॉम्प्युटरचं भोक तिला वर्ज्य नाही. लाल मुंग्यांचंही तेच. अशा भोकात पिन जबरदस्तीने दाबली तर मातीबरोबर आतली पट्टीही वाकते.

ती पट्टी महत्त्वाची. पिन आत शिरते तेव्हा भोकातली एक नाजूक स्प्रिंगची पट्टी ढकलली जाते आणि त्यावरून कॉम्प्युटरला कळतं, की हेडफोन लागला. मग तो लॅपटॉपचे आतले स्पीकर बंद करतो. पिन काढली तरी पट्टी परत आली नाही, घाणीने अडकली, तर कॉम्प्युटरच्या लेखी हेडफोन अजून आतच आहे. लॅपटॉपवर पिन नसताना हेडफोनचं चित्र दिसत असेल आणि हेडफोन लावला की आवाज स्वच्छ येत असेल, तर दुसरं काही शोधू नका. पिन घालून काढणं आणि सफाई यांनी बरेचदा पट्टी सुटते. रियलटेकच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये पुढच्या भोकाची ही ओळख बंद करण्याचा पर्यायही काही मशीनवर असतो.

एक प्रकार असा आहे की ऐकणाऱ्याला भुताटकीच वाटावी. गाण्यातलं पेटी-तबला-सतार सगळं ऐकू येतं, पण गायक गायब. पिनेला तीन कप्पे असतात: टोकाला डावी बाजू, मधे उजवी, आणि बुडाशी दोघांची सामाईक तार. पिन अर्धवट बसली किंवा सामाईक तार आत तुटली, की डावी आणि उजवी एकमेकींतून वाहतात आणि स्पीकरला मिळतो तो फक्त दोघींतला फरक. गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच नोंदवलेला असतो, म्हणून तो वजा होऊन नाहीसा होतो. वाद्यं डावी-उजवी वेगळी असल्याने उरतात. पिन टक् आवाज येईपर्यंत दाबा, नाहीतर वायर बदला. सिनेमात पार्श्वसंगीत दणदणीत आणि संवाद मात्र बारीक, असं असेल तर कारण वेगळं: विंडोजला वाटतंय, तुमच्याकडे सहा स्पीकर आहेत, आणि ते संवाद मधल्या, नसलेल्या स्पीकरकडे पाठवतंय. प्लेबॅकच्या यादीतल्या 'कॉन्फिगर' मध्ये जाऊन 'स्टिरिओ' निवडावं.

आता राहिला ड्रायव्हर, ज्याचं नाव सगळे सर्वांत आधी घेतात. कोपऱ्यातल्या स्पीकरवर लाल गोलात फुली दिसत असेल, किंवा प्लेबॅकची यादीच रिकामी असेल, तर मात्र संशय रास्त आहे. ड्रायव्हरला हात लावण्याआधी कॉम्प्युटर 'रीस्टार्ट' करा. बंद करून चालू करू नका. विचित्र वाटेल, पण विंडोज 10 आणि 11 मध्ये दोन्ही सारखं नाही. 'शट डाउन' केलं तर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवून ठेवतं आणि सकाळी तीच उचलतं, त्यातल्या बिघाडासकट. 'रीस्टार्ट' सगळं पहिल्यापासून मांडतं. रोज रात्री कॉम्प्युटर बंद करणाऱ्या घरात खरा रीस्टार्ट महिनोन् महिने झालेला नसतो.

तरी नाही जमलं, तर स्टार्टवर उजवी क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा आणि 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' बघा. नावावर खाली वळलेला बाण म्हणजे कुणीतरी ते बंद केलंय, 'एनेबल' करा. पिवळा त्रिकोण म्हणजे ड्रायव्हर गडबडलाय. अपडेटनंतर लगेच हे सुरू झालं असेल तर 'रोल बॅक ड्रायव्हर' चा पर्याय आधी वापरावा.

एटापल्ली-कोरचीच्या वाचकांसाठी पुढची युक्ती. ड्रायव्हर उतरवायला नेटवर्क लागतं, आणि तेच तर नसतं. पण विंडोजच्या पोटात एक साधा, सगळ्यांना चालणारा ड्रायव्हर आधीपासून असतो. नावावर उजवी क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर', मग 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', मग 'लेट मी पिक' असं जात 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' निवडा. इंटरनेटचा एक थेंबही न खर्चता बऱ्याच मशीनवर आवाज परत येतो. चमचमीत इफेक्ट जातील, क्लास ऐकू येईल. बाकी 'फ्री ड्रायव्हर अपडेटर' म्हणून नेटवर जे प्रोग्राम अंगावर येतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. पैसे मागतात ते वेगळंच, वर नको ते सामान मशीनमध्ये सोडून जातात. ड्रायव्हर हवाच असेल तर लॅपटॉपच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरूनच, मॉडेल नंबर जुळवून. नंबर लॅपटॉपच्या बुडाशी लिहिलेला असतो. तो कागदावर उतरवून तालुक्याला जाणाऱ्याकडे पेनड्राइव्हसोबत दिला की झालं.

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित आधार थांबवला. त्यानंतर जुन्या मशीनवर लिनक्स टाकायला काही लोक वळले आहेत, आणि मला ते शहाणपणाचं वाटतं. तिथे आवाज नसेल तर टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' चालवा. एखाद्या पट्टीखाली 'एमएम' दिसलं तर ती मुकी केलेली आहे. एम हेच बटण दाबून उघडते. एफ 6 दाबून चिप बदलता येते, कारण तिथेही एचडीएमआय पहिला नंबर पटकावून बसलेलं असतं.

हे सगळं करूनही शांतता असेल, तर चिप किंवा तिच्याभोवतीचे भाग गेले, असं मानायला हरकत नाही. चंद्रपूरचा उन्हाळा, पत्र्याखालची खोली आणि धुळीने गुदमरलेला पंखा यांत मदरबोर्डवरचे कपॅसिटर लवकर म्हातारे होतात. उष्णता दर दहा अंशांनी वाढली की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा ठोकताळा आहे. तरीही मदरबोर्ड बदलायची घाई नको. अंगठ्याएवढं यूएसबी साउंड कार्ड मिळतं. वेगळा ड्रायव्हर लागत नाही, लावलं की यादीत नवं नाव येतं. खरं तर एवढं स्वस्त तपासणी-यंत्र दुसरं नाही. त्यातून आवाज आला तर विंडोज निर्दोष, आणि बिघाड जुन्या चिपमध्ये किंवा भोकात आहे हे पक्कं. बहुतेक घरं पुढे तेच कार्ड कायम वापरतात आणि त्यात काही गैर नाही.

दुकानात जायचंच झालं तर दुकानदाराला नुसतं "आवाज नाही येऊन रायला" म्हणू नका. "पट्ट्या हलतात, यूएसबी कार्डातून आवाज येतो, मागच्या हिरव्या भोकातून येत नाही," असं सांगा. एवढं ऐकल्यावर विंडोज मारायची गोष्टच निघत नाही. तो थेट भोकाचं सोल्डर बघतो. स्पीकर आणि मॉनिटर घरीच ठेवा.

पावसाळ्याआधीच्या वळवात आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की कॉम्प्युटरबरोबर स्पीकरचीही पिन बोर्डातून काढावी, आणि टीव्हीला जोडलेली एचडीएमआयसुद्धा. छतावरच्या डिशची वायर टीव्हीत उतरते, टीव्हीतून एचडीएमआय कॉम्प्युटरमध्ये, आणि विजेचा लोंढा त्याच वाटेने येऊ शकतो. रिकाम्या भोकांवर चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवला तर कुंभारीणही दुसरं घर बघते.